ऑफ तासाचे सर

एरंडोलजवळच्या आमच्या विनाअनुदानित शाळेत युवराज शिपाई म्हणून लागला, तेव्हा तो एम.एस्सी., बी.एड. होता. तेही गणितात. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, त्याच्याच गावचे. "आधी आत तर ये, जागा निघाली की तुलाच घेऊ," म्हणाले. त्या शब्दावर त्याने जळगावच्या क्लासमधलं शिकवणं सोडलं. शहाणा असून वेडा. मी इथंच मराठी शिकवते, सगळं डोळ्यांदेखत घडलं.

गडी राबला मात्र मनापासून. गणिताचे जुने सर निम्मे दिवस रजेवर. तास ऑफ गेला की मोठे सर युवराजला वर्गावर पिटाळत. झाडू ठेवायचा, हात धुवायचे, खडू उचलायचा. पोरं वर्गात त्याला 'सर' म्हणत, बाहेर 'मामा'. त्याचंही त्याला काही वाटत नसे. दहावीचा निकाल कुणामुळे सुधारला, हे गावाला ठाऊक होतं.

यंदा जुने सर निवृत्त झाले, जागा निघाली. मुलाखतीला युवराज इस्त्रीचा शर्ट घालून आला. मोठ्या सरांनी त्याच्या हातात चहाचा ट्रे दिला. उमेदवारांना चहा देऊन तो दाराशी उभा राहिला, आपलं नाव पुकारतील म्हणून. ते पुकारलंच नाही.

संध्याकाळी त्याने विचारलं. मोठ्या सरांनी खांद्यावर हात ठेवला आणि गावच्या बोलीत म्हणाले, "तुन्हं नाव मीच मांगे ठेवं. तू वर्गमा गया ते हाई बठ्ठं कोन करी? तुन्हासारखा मानूस माले कथा भेटी?"

हा वर्गात गेला तर ही सगळी कामं कोण करणार, असा माणूस कुठे मिळणार, म्हणे! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. शिवी दिली असती तर चाललं असतं, यांनी कौतुक केलं. मला अजून संताप येतो.

युवराज भांडला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो फक्त शिपाई झाला. घंटा वेळेवर, वर्ग झाडलेले, माठ भरलेले. नवे सर अडले की पोरांना त्याच्याकडे पाठवत. "मी शिपाई शे. तुमना सरले इचारा," एवढंच उत्तर. मोठ्या सरांनी वर्गावर जायला सांगितलं, तो गेला नाही. आता शिपायाने गणित शिकवलं नाही म्हणून नोटीस कशी काढणार? मग भरलेल्या माठात पाणी नव्हतं म्हणून काढली.

मी म्हटलं, "सोड ही नोकरी. दुसऱ्या शाळेत अर्ज कर."

"अनुभव विचारतील ना, मॅडम," तो म्हणाला. "मी शिकवत होतो याची नोंद कुठे आहे? दाखल्यावर शिपाईच येईल. आणि सही मोठ्या सरांची."