पदर घेऊन दिलेली डोळ्यांची परीक्षा

मुलांनो, फोनवर तुम्ही माझ्या डोळ्यांचं विचारता आणि मी "ठीक आहे" म्हणून विषय बदलते. खरं म्हणजे मलाच नीट कळलेलं नाही. पण काचबिंदू घराण्यातून पुढं जाऊ शकतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणून आता लिहिणं भाग आहे.

कळमनुरीहून नांदेडला थोरले दीर माझ्यासोबत आले होते. तिथं मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठंही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलेलं. सूचना पाळणं मला अवघड नव्हतं.

कागद आला, तर दोन्ही डोळ्यांची वरची बाजू काळी! पण मला तर कुठंच काळं दिसत नव्हतं.

"नजर गेलेली अशी कळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं निरखून पाहत विचारलं, "आजी, तपासताना पदर असाच होता?"

होता. भुवयांपर्यंत. थोरल्या दिरांसमोर मी तो कधी ढळू दिला नाही, आणि ते त्याच खोलीत बाकावर बसले होते. तपासणाऱ्या पोरीलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत. त्या पोरीला म्हणाले, "सांग तिला, म्या बाहेर बसतो. एवढी इंग्रजी शिकलेली बाई, अन् पदराआडून दिवे शोधून राहिली व्हय!"

"आजी, ऐकलं का?" पोरगी हसू दाबत म्हणाली.

"ऐकलं. त्यांना म्हणावं, चहा बिनसाखरेचा घ्या."

दुसऱ्यांदा तपासताना पदर खांद्यावर घेतला. उजव्या डोळ्याचं काळं सगळं गेलं. डाव्याचं बरंच गेलं, पण नाकाच्या बाजूला वर एक ठिगळ राहिलंच. ते पदराचं नव्हतं.

रोज सकाळी उजवा डोळा झाकून मी ते ठिगळ अंगणात शोधते. लिंबाचं झाड, विजेची तार, आभाळ, सगळं सलग दिसतं. कागदाचं खरं मानायचं की डोळ्याचं, उमजत नाही. थेंब मात्र वेळेवर घालते. चार महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे.

तुम्ही तिघंही डोळे दाखवून घ्या. काही होत नसलं तरी.

गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. उजवा डोळा शाबूत आहे, आणि एकट्या डाव्यानंही मला हे लिहिलेलं वाचता येतं.