शकुनताईंनी केलेलं भाषांतर

शकुनताई आठल्ये कोलकात्यात आल्या त्या नवऱ्याच्या बदलीबरोबर, तीन वर्षांसाठी. चारुदत्तांना परत बोलवायचं बँक विसरूनच गेली, असं त्या म्हणायच्या. त्या स्वतः केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अनुवादक होत्या. इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करण्यात तीस वर्षं गेली. पुढे चारुदत्त वारले, ताई निवृत्त झाल्या, आणि सॉल्ट लेकमधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहू लागल्या. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो, म्हणून पुढचं सगळं मला जवळून बघायला मिळालं.

मार्चमधल्या एका मंगळवारी पोलीस ठाण्यातून फोन आला. मराठी मजकुराचं इंग्रजी करून देणारं कुणीतरी हवं होतं आणि मराठी मंडळाने ताईंचं नाव दिलं होतं. ताई खुशीत गेल्या. बऱ्याच वर्षांनी कुणाला त्यांच्या कामाची गरज पडली होती.

ठाण्यात बाकावर एक मुलगा बसला होता, पंचविशीचा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. ताईंनी हवालदाराला आपलं नाव सांगितलेलं ऐकून तो उठून उभा राहिला.

"मावशी, मी ते असंच लिहिलं हो," तो म्हणाला. हवालदाराने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

आत हाजरा नावाच्या सब-इन्स्पेक्टरने एक छापील कागद पुढे केला. अनीश काळमेघ, मूळचा अमरावतीचा, सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत कामाला. शनिवारी त्याने फेसबुकवर लिहिलं होतं : "बाईने सलग चौथा रविवार खाल्ला. सोमवारी हिला जिवंत सोडत नाही. अख्खा मजलाच पेटवून देतो. माचिस कोण आणतंय?" बाई म्हणजे त्याची टीम लीड, मधुवंती दत्त. तिला मराठी येत नव्हतं. कुणीतरी तो मजकूर तिला पाठवला, तिने मोबाइलवर त्याचं इंग्रजी करून वाचलं, आणि सोमवारी ऑफिसऐवजी ती ठाण्यात गेली.

"शब्दाला शब्द हवा," हाजरा म्हणाले. "तुमचं मत नको."

"पण आमच्याकडे असं बोलायची पद्धत आहे," ताई म्हणाल्या. "आई मुलाला म्हणते, मित्र मित्राला म्हणतो."

"ते कोर्टात सांगा."

मजकुराच्या शेवटी तीन रिकामे चौकोन छापले गेले होते. मूळ मजकुरात तिथे हसरे चेहरे होते, ठाण्याच्या प्रिंटरला ते जमले नव्हते. ते लिहायचे का, असं ताईंनी विचारलं. हाजरा म्हणाले, ती काही भाषा नव्हे.

ताईंनी चार ओळींचं चोख इंग्रजी केलं. खाली 'मूळ मजकुराबरहुकूम' असं लिहून सही केली. बाहेर पडताना त्यांनी बाकाकडे बघायचं टाळलं. हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं.

त्याच संध्याकाळी अनीशला अटक झाली. एका वाहिनीने त्याला माथेफिरू म्हटलं. कंपनीने दुसऱ्या दिवशी ई-मेल पाठवून त्याला काढून टाकलं.

पाचव्या दिवशी त्याची आई आली. सुनंदाबाई अमरावतीला शाळेत शिक्षिका होत्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"वकिलांनी कागद दाखवला. खाली सही तुमची आहे."

"हो. तुम्ही आत तरी या."

"तुम्ही मराठी आहात ना, ताई? मग तुम्हाला नाही समजलं?"

ताईंना समजलं होतं, हेच तर त्यांचं दुखणं होतं. तीस वर्षं दुसऱ्याचं वाक्य इकडून तिकडे नेऊन ठेवायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हीच त्यांची सवय. ती त्या दिवशीही मोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पानांचं टिपण लिहिलं : 'जिवंत सोडत नाही' हे मराठी माणूस कधी आणि कसं म्हणतो. हाजरांनी ते वाचून परत दिलं. मग त्यांनी ते अनीशच्या वकिलाकडे पोहोचवलं आणि जामिनाच्या सुनावणीला स्वतः जाऊन बसल्या.

तिथे व्हरांड्यात मधुवंतीच त्यांच्याजवळ आली. चाळिशीची, बारीक, रात्र रात्र झोप नसल्यासारखे डोळे. हिंदीत म्हणाली, "दीदी, तुम्ही म्हणता हा विनोद आहे. दोन वर्षांपूर्वी एकाला मी कामावरून काढलं. तोही असेच विनोद लिहायचा. सगळे हसायचे. एक दिवस तो ॲसिडची बाटली घेऊन बेहाला भागात माझ्या घराखाली उभा होता. माझ्या भावाच्या हातावर भाजल्याचे व्रण अजून आहेत. कुठला विनोद कुठे थांबणार, हे मी कशावरून ओळखू?"

"अनीश तसा नाही," ताई म्हणाल्या.

"तुम्ही त्याला ओळखता?"

ताई त्याला ओळखत नव्हत्या. एकदा बाकावर पाहिला होता, तेवढंच.

त्या दिवशी जामीन झाला नाही. झाला सव्विसाव्या दिवशी. तोवर कोठडीत कुणीतरी अनीशच्या कानशिलात मारलं होतं, जागेवरून भांडण. डाव्या कानाने त्याला ऐकू येईनासं झालं. आई त्याला न्यायला गेली तेव्हा तिचं ऐकू यावं म्हणून तो तिच्या डावीकडून चालत राहिला, एवढंच वकिलाने ताईंना सांगितलं.

खटला दोन वर्षं चालला. ताईंची साक्ष झाली. सरकारी वकिलाने विचारलं, "ही धमकी होती की थट्टा?"

ताई म्हणाल्या, "लिहिणाऱ्याची थट्टा होती. वाचणारीला धमकी पोहोचली. दोन्ही खरं आहे."

न्यायाधीशांनी मान हलवली आणि पुढची तारीख दिली.

मी त्यांना एकदा सरळच विचारलं, की कायद्याने काय करायला हवं होतं? त्या मग म्हणाल्या, "त्या बाईला पोलिसांत जावंसं वाटलं, ते बरोबरच होतं. पोरालाही बोलवायला हवंच होतं. पण बोलावल्यावर कुणीतरी त्याच्यासमोर बसून विचारायला हवं होतं. मी तर आतच होते. मीही विचारलं नाही."

अखेर गेल्या हिवाळ्यात मधुवंतीने तडजोडीच्या अर्जावर सही केली. अनीशने लेखी माफी मागितली. कोर्टाबाहेर ती ताईंना म्हणाली, "तो विनोद होता असं मला अजूनही वाटत नाही. पण माझी दमछाक झाली." महिन्याभरात ती नोकरी सोडून पुण्याला निघून गेली. जाताना म्हणे हसत म्हणाली होती, की आता मराठी शिकावं लागेल.

अनीश अमरावतीला मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. त्याला पुन्हा कुठल्या कंपनीने घेतलं नाही. नावाचा शोध घेतला की आजही आधी अटकेची बातमी येते आणि खटला मिटल्याचं कुठेच सापडत नाही.

यंदा दिवाळीत ताईंनी धीर करून अमरावतीला फोन लावला. मी समोरच होतो. सुनंदाबाईंनी उचलला. ताईंनी खुशाली विचारली, अनीशशी दोन शब्द बोलता येतील का म्हणाल्या.

"झोपलाय तो," सुनंदाबाई म्हणाल्या. सकाळचे अकरा वाजले होते. ताई म्हणाल्या, "बरं, उठला की सांगा." पलीकडून फोन आधीच ठेवला गेला होता.