शांतवन मामांची बोटं

"मामा, उजवा पाय उचला."

"उचलतोय की, मॅडम."

पाय चादरीवरून जरासुद्धा हलला नव्हता. मामांनी मान वळवून पाहिलं आणि स्वतःशीच हसले. "निरोप गेलाय. पोचायचा हाय अजून."

मी शिरूरच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. शांतवन मामा सणसवाडीच्या एका कंपनीत मेन्टेनन्स फिटर. पावसाळ्यात त्यांच्या पायांना मुंग्या आल्या आणि काही दिवसांतच हातपाय लुळे पडले. पुण्याला जीव वाचला, पुढचं काम आमच्याकडे आलं. आजाराचं नाव जीबीएस. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. फिटर माणसाला सांगायचं, म्हणून मी म्हणाले, "नस म्हणजे वायर धरा. वरचं कोटिंग गेलंय."

"आतलं तांबं शाबूत हाय का?"

"बरंचसं. थोडी झळ लागलीय. कोटिंग शरीर पुन्हा तयार करतं, पण हळूहळू. आधी खांदे, मांड्या. बोटं सगळ्यात शेवटी."

"म्हंजी येणार हाय."

"बहुतेक," मी म्हणाले. आमच्या कामात 'नक्की' हा शब्द सहसा वापरत नाहीत.

जीबीएसमध्ये जास्त व्यायामही चालत नाही. दमलेला स्नायू उलट मागे जातो. त्यामुळे थोडं करायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. बहुतेक पेशंट इथेच चिडतात. मामा चिडले नाहीत. दिवाळीपर्यंत ते आधाराशिवाय बसायला लागले. मग त्यांनी मनात धरलं, नाताळच्या उपासनेला स्वतःच्या पायांवर उभं राहायचं.

ते जमलं नाही. नाताळला चर्चमधल्या पोरांनी त्यांना व्हीलचेअरसकट उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी ते भेटायचे होते तेव्हा मला धास्तीच होती. ठरवलेली तारीख हुकली की पेशंट खचतो, हे मी अनेकदा पाहिलंय. मामा मांडीवर केकचा डबा घेऊन हजर.

"न्हाई जमलं. पण मंडळी आली होती सगळी. धरा, तुमच्या मामींनी केलाय."

जानेवारीत ते वॉकरवर कोपरं टेकून उभे राहिले. आता बोटांची पाळी होती, आणि बोटं हलायचं नाव घेईनात. कितीतरी आठवडे तीच स्थिती. सुधारणेचा आलेख असा सपाट झाला की आम्ही त्याला प्लॅटो म्हणतो. त्याच सुमारास कंपनीतून एचआरचा फोन आला. "मॅडम, स्पष्ट सांगा. हा माणूस पाना धरू शकेल का? जागा किती दिवस रिकामी ठेवू?"

मी आमच्या विभागप्रमुख सरांकडे गेले. ते म्हणाले, "घरचा व्यायाम शिकवा आणि मोकळं करा. बोटं येतील असं मला वाटत नाही. त्यांना खोटी आशा लावू नका."

मी मामा-मामींना समोर बसवून दोन्ही गोष्टी सांगितल्या. रत्नामामींनी पदर तोंडाला लावला.  मामा म्हणाले, "मॅडम, आमच्यात नाताळाच्या आधी चार रविवार आगमनकाळ असतो. वाट बघायचा काळ. एकेका रविवारी एकेक मेणबत्ती लावायची."

"कुणाची वाट? येशू तर येऊन गेला ना?"

"आला, आन् परत येणार हाय. आपण मधल्या काळात हाय. मला आता सवय झालीय या मधल्या काळाची."

"मग या मधल्या काळात करायचं काय?"

"पाहुणा येणार म्हटल्यावर आपण घर झाडून ठेवतोच की. तुमच्यात बोटांसाठी तसं काय असतंय का?"

होतं. सांधे मोकळे ठेवणं. नस परत आली आणि सांधा आखडलेला असला, तर येऊन उपयोग नाही. मी मामींना एकेक बोट वाकवायला, सरळ करायला शिकवलं. झोपताना बांधायच्या पट्ट्या करून दिल्या. एचआरला सांगितलं, "आत्ता हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही." ते वैतागले, पण जागा ठेवली. सरांनाही सांगितलं, आठवड्यातून एकदा तरी मी त्यांना बघणार.

मामींनी एकही दिवस चुकवला नाही. ऊन तापायला लागलं होतं तेव्हा, एका सकाळी त्या दारातूनच ओरडल्या, "मॅडम, अंगठा! अंगठा हलला!" मी बोट ठेवून पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी एक बारीकसं आकुंचन होतं. खरं होतं. मी धावत जाऊन सरांना घेऊन आले. त्यांनी दोनदा तपासलं, आणि मामांचा हात हातात धरूनच म्हणाले, "शांतवनराव, मी चुकलो बरं का."

एकदा सुरू झाल्यावर बोटं मग थांबली नाहीत.

ईस्टरला मामांनी मला बोलावलं. त्या पहाटे ख्रिस्ती मंडळी कबरस्तानात जमतात, आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात आणि पुनरुत्थानाची उपासना करतात. मामा फाटकापासून चालत आले. पायांना आधार देणारे प्लास्टिकचे स्प्लिंट होते, पण वॉकर नव्हता. आईच्या कबरीपाशी त्यांनी काडेपेटी काढली. कुणीतरी मदतीला पुढे झालं. मामींनी त्याला हातानेच अडवलं.

पहिली काडी मोडली. दुसरी निसटून गवतात पडली.   चिमटीत काडी धरणं हे हाताच्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे. तिसरी काडी पेटली. मामांनी वात पेटवली, सरळ उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" सगळं कबरस्तान गरजलं. मी त्यांच्या धर्माची नाही, पण माझाही आवाज त्यात होता.

मामा आता कंपनीत आहेत. आधी स्टोअरला हलकं काम दिलं, मग पुन्हा मशीनवर घेतलं. परवा एचआरने फोन करून सांगितलं, "मॅडम, तुमचा पेशंट नव्या पोरांवर ओरडतो हो."

पेशंटला आशा द्यावी की नाही, यावर आमच्या पेशात बरीच चर्चा होते. काही पेशंट ती घरूनच घेऊन येतात. तेव्हा आपण सांधे मोकळे ठेवावेत आणि तोंड जरा सांभाळून उघडावं.