नरसय्यामामाचा पांढरा सदरा

जगत्यालच्या जुन्या बसस्टँडमागे कनकय्याचं फ्लेक्सीचं, म्हणजे छापील फलकांचं, दुकान आहे. स्वरूपा तिथे सहा वर्षं फ्लेक्सच्या कडेला पितळी रिंगा ठोकत होती. सकाळी दारात सडा, मुग्गूची रांगोळी, तुळशीला पाणी आणि राजन्ना देवाचं नाव झालं की ती डबा घेऊन दुकानात हजर. रिंगा ठोकता ठोकता तिचे डोळे मात्र वंशीच्या पडद्यावर. वंशी म्हणजे दुकानातला डिझाइनवाला. लोकांच्या फोटोंतून माणसं कापून काढायची आणि कमळांत, मोरपिसांत, महालांत नेऊन उभी करायची, हे त्याचं काम. दुपारी तो जेवायला गेला की स्वरूपा हळूच त्याच्या खुर्चीत बसून स्वतःच्याच फोटोवर हात बसवी. कनकय्याला ते ठाऊक होतं. तो न पाहिल्यासारखं करी.

आणि ऐन हंगामात वंशी स्वतःच्याच लग्नाला वरंगलला निघून गेला!

त्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, पोशव्वा दुकानात शिरली. आल्याआल्या तिनं घरच्यांच्या फोटोंनी भरलेला फोन कनकय्याच्या हातात कोंबला.

"नातीची ओणी आहे उद्या, परकरावर पहिली ओढणी घेणार पोर. बारा बाय आठचा फ्लेक्सी पाहिजे. संध्याकाळी मांडवाला लागला पाहिजे."

"पोशव्वा, माझा डिझाइनवाला पोरगा बोहल्यावर चढलाय. डिझाइन कोण करणार? मी?"

"मग काय मांडव उघडा ठेवू? माझा लेक नरसय्या पोरीचा मेनमामा आहे, सख्खा मामा. ओणी तोच आणणार, पहिली ओणी त्याच्याच हातची. त्याचा फोटो दारात नको? गावात तोंड कसं दाखवू?"

"अण्णा, मी करते," स्वरूपा म्हणाली.

हातातली हातोडी तशीच होती. कनकय्यानं तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"करशील? लग्नात भांडी घासणारीनं मुहूर्ताची लगीनगाठ बांधावी, तसला प्रकार आहे हा."

"भांडी घासणारीला सगळे मंत्र पाठ असतात, अण्णा. रोज ऐकते ना."

पोशव्वा खो खो हसली. कनकय्याला हसू आलं, पण ते त्यानं मिशीत दाबलं. "हे बघ, एकदाच. जमलं तर ही खुर्ची तुझी. बिघडलं तर परत तिच्याकडे बघायचं नाही. कबूल?"

"कबूल!"

स्वरूपानं पदर खोचला, कीबोर्डला हात लावून नमस्कार केला आणि बसली. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. छातीत ढोल वाजत होता, भीतीचा नव्हे, जत्रेतला.

आधी नात सहस्रा. गुलाबी परकर, मागे घराचं निळं दार. संगणकाला सांगितलं, मागचं पूस. त्यानं पुसलं. पोरगी सुटी झाली. स्वरूपानं ती जपून ठेवली आणि बागेच्या चित्रावर आणून बसवली, तर काय! पोरीभोवती पांढरीशुभ्र चौकट, पोस्टाच्या तिकिटासारखी.

"ही काय पोरगी आहे की टपाल?" पोशव्वा मागून म्हणाली.

स्वरूपानं जीभ चावली. घाईत तिनं पोरगी जेपीजी करून ठेवली होती. जेपीजीला रिकामी जागा बघवत नाही, दिसली की चुना फासून मोकळा होतो. पीएनजी तसं करत नाही. त्याच्याकडे दिलेलं रिकामं रिकामंच राहतं आणि मागची बाग त्यातून दिसते. तिनं पोरगी पुन्हा कापली, पीएनजी करून ठेवली आणि बागेत आणली. झेंडूच्या ताटव्यात सहस्रा अशी उभी राहिली जणू तिथेच वाढली! मग आई, बाप, आत्या, तीन काका. प्रत्येकाचा गोल चेहरा आपापल्या जागी. दुपारचे दोन. डबा तसाच पडलेला.

राहिला मेनमामा. तो पोरीच्या शेजारी, डोक्यापासून पायापर्यंत, सगळ्यांत मोठा. नरसय्याचा धड फोटो एकच होता. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि मागे नुकतीच चुना दिलेली घराची भिंत. स्वरूपानं मागचं पुसलं. पडद्यावर रिकामी जागा राखाडी-पांढऱ्या चौकटींनी दाखवतात, तशा चौकटी दिसल्या, त्यांत मामा दिसला. छान. पीएनजी केलं. उचलून बागेत ठेवलं.

पोशव्वा किंचाळली.

नरसय्याच्या छातीतून झेंडू उगवला होता. पोटात कारंजं. धोतराच्या जागी हिरवळ, आणि हिरवळीखाली दोन चपला. वर तेवढी मिशी शाबूत.

"अगं एल्लम्मा आई! माझा लेक पोकळ केला हिनं! उद्या शुभकार्य आणि आज जित्या माणसाच्या काळजाला भोक!"

कनकय्या धावत आला. पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "म्हणून वंशी पांढरा सदरा घेतच नाही. रंगीत घालून या म्हणतो गिऱ्हाइकाला. ऊठ, स्वरूपा."

"अण्णा, एक तास."

"छपाईच्या मशीनला दोन तास लागतात. तीन वाजत आले."

"एक तास द्या. नाही जमलं तर मी आपणहून उठते."

सदरा पांढरा, भिंत पांढरी, संगणकाला दोन्ही एकच. आणि त्या चौकटीही पांढुरक्याच, त्यामुळे भोक कुठे आणि कापड कुठे हे तिलाही कळलं नव्हतं. तिनं डोळे मिटले. राजन्ना, बुद्धी दे. आणि एकदम तिला घरचा तांदूळ आठवला. स्टीलच्या ताटात पांढरा खडा कधी सापडत नाही. म्हणून ती सकाळी तांदूळ काळ्या घोंगडीवर विरळ पसरते, तिथे खड्याचा आकार लगेच डोळ्यांत भरतो.

"घोंगडी!" ती ओरडली.

"कसली घोंगडी?" कनकय्या दचकला.

तिनं मामाच्या खाली गडद हिरवा रंग पसरला, शेवाळासारखा. आणि सगळं लख्ख दिसलं! जिथे जिथे भोक, तिथे हिरवं. डाव्या छातीवर तळहाताएवढं, पोटावर परातीएवढं, धोतर जवळजवळ सगळंच. आता मूळ फोटोतलं कापड परत आणायचं आणि भिंत तेवढी बाहेर ठेवायची. ती हिरव्यावर पांढरं भरत सुटली. छाती भरली, पोट भरलं, निऱ्या आल्या. पण डावा हात अडला. बाही कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, काही केल्या दिसेना.

पोशव्वा रडं विसरून पुढे सरकली. "त्याची डावी बाही दोनदा दुमडलेली असते. लहानपणापासून. इस्त्री केली तरी दुमडतो मेला." तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "इथनं अशी. मग कोपर. कोपर जरा वाकडा आहे, चिंचेवरनं पडला होता."

"इथे?"

"खाली. अजून खाली. हां!"

आई बोट फिरवत गेली, स्वरूपा मागून माउस फिरवत गेली. पडद्यावर तेलाचा ओघळ उमटला, कुणाला पर्वा नव्हती. चार वाजायला पाच मिनिटं असताना हिरवा रंग काढला आणि मामाला बागेत उभं केलं. अख्खा! मशीनला रिकामी जागा चालत नाही, पण आता सगळ्या रिकाम्या जागांत बाग भरली होती. तिनं सगळं एकत्र करून छपाईची टिफ फाइल बनवली, कनकय्यासमोर दोनदा तपासली आणि मशीनला दिली.

मशीन घरघरलं. फ्लेक्सी वरून बोटबोट उतरू लागला. निळं आकाश. 'ओणीचं आमंत्रण' ही अक्षरं. मामाचे केस, कपाळ, मिशी. तिघंही ओणवे होऊन बघत होते. गळ्याखाली आलं आणि मधल्या भागात शाईच पडेना. दोन्ही बाजूंना झेंडू उमटतोय, मध्ये कोरंच.

"शाई अडकली! बंद करा!" कनकय्या बटणाकडे झेपावला.

स्वरूपानं त्याचा हात धरला. सहा वर्षांत पहिल्यांदा. "अण्णा, थांबा! शाई नाही अडकली. तो सदरा आहे!"

मशीन आणखी दोन बोटं सरकलं. कोऱ्या पांढऱ्यात एक फिकट करडी रेघ आली, खिशाची. मग गुंडी. मग दुमडलेली बाही, दोन घड्यांची.

"माझा नरसय्या!" पोशव्वानं ओल्या फ्लेक्सीला हातच लावला असता, दोघांनी मिळून तिला मागे ओढलं. तिथल्या तिथे तिनं स्वरूपाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "उद्या जेवायला यायचं. मामाच्या पंगतीत बसायचं. नाही आलीस तर बघ!"

सहा वाजता फ्लेक्सी रिक्षावर चढला. कनकय्यानं वंशीला फोन लावला, मोठ्या आवाजावर.

"पोरा, सासरी आणखी चार दिवस राहिलास तरी चालेल."

"आणि डिझाइन कोण करतंय, अण्णा?"

"स्वरूपा. पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा सदरा कापला तिनं आज."

पलीकडे सनई वाजत होती. वंशी तिच्यावरून ओरडला, "खोटं. कसा?"

"खाली गडद रंग पसर आधी, तम्मुडू," स्वरूपा फोनकडे वाकून, धाकट्या भावाला सांगावं तशी म्हणाली. "भोक आपोआप दिसतं."

"अरे देवा, हे मला का सुचलं नाही? अक्का, आलो की बसून दाखव मला."

"ये की," कनकय्या म्हणाला. "फक्त येताना तुझ्यासाठी खुर्ची घेऊन ये."