बटण्या गुरगुरत नाही

शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना मशीन उघडायच्या आधी ते ऐकायची सवय होती. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवून तक्रार सांगू लागलं की ते हात वर करून त्याला गप्प बसवत, मान एका बाजूला कलती करत आणि चाक हळूहळू फिरवत. सुई कुठे घासतेय, शटल सैल झालंय की आत नुसता दोऱ्याचा गुंता अडकलाय, हे त्यांना झाकण न काढता कळायचं. मशिनाचा फार आवाज होतो म्हणून काही लोक त्याच्याखाली जाड घडी घालून ठेवतात, त्यांच्यावर मिस्त्रींचा भारी राग. आवाज दाबून दुखणं जातं का, मशीन बिचारं सांगतंय ते ऐका की, असं एकदा सुरू झालं की गिऱ्हाईक काढता पाय घेईपर्यंत त्यांच्या जिभेचा पट्टा थांबत नसे. कामात माणूस वाकबगार, बोलायला फटकळ, आणि आपलं चुकलं हे कबूल करायची वेळ आली की मुलखाचा भित्रा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एकदा कपड्यांच्या कारखान्यात मशिनं बघायला गेले असताना कातरणांच्या ढिगात त्यांना एक पिल्लू सापडलं. अंग तपकिरी, नाक कोटाच्या बटणासारखं काळं नि गोल. ते त्यांनी पिशवीत घालून घरी आणलं. बायको म्हणाली, आधीच घरात एक गुरगुरणारा आहे, आता दुसरा कशाला? पण संध्याकाळी तिनेच त्याला वाटीत दूध दिलं आणि नावही तिनेच ठेवलं, बटण्या.

आठ वर्षं बटण्या दुकानातल्या मोठ्या टेबलाखाली राहिला. गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडायचा, ओळखीचं असलं तर मिटायचा. अनोळखी माणूस टेबलाच्या फार जवळ आला तर घशातल्या घशात एकदा गुरगुरायचा. तेवढं पुरे व्हायचं.

मग जावई दीड वर्षासाठी कामानिमित्त लांब गेला आणि मुलगी तिच्या दोन वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी राहायला आली. लेकीचं नाव काहीही असो, मिस्त्री तिला पहिल्या दिवसापासून ठकी म्हणू लागले आणि तेच चिकटलं. सामान आत ठेवायच्याही आधी मुलगी दारातच म्हणाली, "बाबा, बटण्याचं बघा हं. एकदा जरी तो तिच्यावर गुरगुरला, तरी मी वेगळी खोली घेईन. मग रागावायचं नाही."

मिस्त्री हसले, पण ते वाक्य त्यांच्या काळजात रुतलं. स्वतःची मुलगी लहान असताना ते दिवसदिवस कारखान्यांतून फिरत होते. तिचं पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकलं होतं. आता मुलगी सकाळी नऊला कचेरीत गेली की ठकी दुकानात असायची, रिकाम्या रिळांचे मनोरे रचायची आणि त्यांना "आबोबा" म्हणायची. आजोबा होण्यात इतकं सुख असतं हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. ते सुख जाईल या कल्पनेनेच त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

आठवडाही झाला नाही आणि ते घडलं. ठकी टेबलाखाली रांगत गेली, बटण्याचा उजवा कान मुठीत धरला आणि त्याच्या आधाराने उभी राहू लागली. बटण्या गुरगुरला. अगदी हळू, नेहमीसारखाच, आणि उठून भिंतीकडे सरकला. मुलगी कचेरीत होती. बायको दारात उभी होती. तिने ऐकलं आणि मिस्त्रींनीही ऐकलं.

मशीन असतं तर त्यांनी चाक फिरवून पुन्हा ऐकलं असतं. इथे त्यांनी कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली, बटण्याच्या नाकावर चटकन मारली आणि म्हणाले, "चूप." बटण्याला आठ वर्षांत कुणी बोट लावलं नव्हतं. तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी ठकीने पुन्हा तोच कान धरला. पुन्हा गुरगुर, पुन्हा पट्टी. बायको म्हणाली, अहो, कान धरला की करतोय, बघा तरी काय झालंय. मिस्त्री म्हणाले, काही झालेलं नाही, लाडावलाय. आणि मुलीला सांगू नकोस, उगाच बोभाटा नको. बायकोलाही नात हवीच होती. तीही मूग गिळून बसली.

दहा दिवसांत बटण्या गप्प झाला. मिस्त्रींना वाटलं, मोठा बिघाड चुटकीसरशी दुरुस्त केला. खरं सांगायचं तर मुक्या जनावराला जेवढी वाचा होती तेवढीही त्यांनी काढून घेतली होती. हे त्यांनाही आज कळतं. पण तेव्हा त्यांना नुसती फुशारकी सुचत होती. गिऱ्हाइकांसमोर ते ठकीला बटण्याच्या पाठीवर बसवायचे, तो जेवत असताना तिचा हात त्याच्या ताटलीत घालून दाखवायचे. बघा, हू नाही की चू नाही, माणसांत असं पोर सापडणार नाही. मुलीने हे पाहिलं आणि तिचीही भीती गेली. तिने दोघांचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

त्या फोटोत बटण्याची मान दुसरीकडे वळलेली आहे आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो आहे. तो बोलत नव्हता, पण सांगत होता. ठकी जवळ आली की झोप नसताना जांभई द्यायचा, सारखे ओठ चाटायचा. मिस्त्री म्हणायचे, कसा लाडात आलाय बघा. तो उठून मागच्या खोलीत जायला लागला की ते शीळ घालून परत बोलवायचे, कारण ठकी रडायची. एकदा बायको वैतागून म्हणाली, "जाऊ द्या हो त्याला. जातोय ना तो आपल्या पायाने?" मिस्त्रींनी ऐकलं नाही. बटण्या मात्र त्यांच्या शिळेसरशी आला, कारण तो नेहमीच यायचा.

चार महिन्यांनी एका दुपारी बटण्या टेबलाखाली झोपला होता. मिस्त्री एका मशिनात तेल सोडत होते. ठकी धावत आली आणि झोपलेल्या बटण्यावर सगळ्या अंगाने पडली, उजव्या कानावर. आवाज झालाच नाही. म्हणजे ठकीचा झाला, बटण्याचा नाही. मिस्त्री वाकले तेव्हा तिचा डावा गाल रक्ताने भरला होता आणि बटण्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून थरथर कापत होता.

गालाला तीन टाके पडले. डोळा वाचला, बोटभराच्या फरकाने. टाके पडेपर्यंत मुलीने ठकीला मांडीवर घट्ट धरून ठेवलं. घरी आल्यावर तिने एवढंच सांगितलं की एक तर कुत्रा राहील, नाही तर आम्ही. बटण्याला लस दरवर्षी टोचलेली होती, तरी दहा दिवस बांधून लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्याला मागच्या अंगणात बांधलं. मिस्त्री जेवण घालायला गेले की तो शेपूट हलवायचा, आणि त्यांना त्याच्याकडे बघवायचं नाही.

अकराव्या दिवशी ते त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मुलगीही आली, ठकीला कडेवर घेऊन, कारण तिची जखम दाखवायची होती आणि तो दवाखाना त्याच रस्त्यावर होता. डॉक्टरबाई वयस्क होत्या, घाई नसलेल्या. त्यांनी बटण्याला टेबलावर घेतलं, सगळीकडून चाचपलं आणि उजव्या कानाला हात लावताच तो आक्रसला. त्यांनी बॅटरी लावून आत पाहिलं. कान खोलवर पिकला होता, आणि हे आजकालचं नव्हे, महिनोन् महिन्यांचं दुखणं होतं.

"म्हणजे त्याला दुखत होतं?" मुलीने विचारलं. दहा दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात राग नव्हता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, फार दुखत असणार. मग त्या मिस्त्रींकडे वळल्या. कान बरा होईल. माझ्या ओळखीत एक म्हातारं जोडपं आहे, घरात मूल नाही, त्यांना असं शांत कुत्रं हवंय. पण त्याआधी मला एक खरं सांगा. "दुखणारं कुत्रं चावायच्या आधी सांगतं. गुरगुरतं, दात दाखवतं. हा कधी गुरगुरला होता तिच्यावर?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. हो, गुरगुरला होता, मीच मारून बंद केलं. एवढं म्हणायचं होतं. पण शेजारी मुलगी उभी होती, तिच्या कडेवर ठकी होती, ठकीच्या गालावर पट्टी होती. पाठीवर बसवलेलं, ताटलीत घातलेला हात, फोटो, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. तुम्हाला माहीत होतं? माहीत असून तुम्ही माझ्या मुलीला त्याच्या पुढ्यात ठेवलंत? हे तिने विचारलं असतं. आणि मग ती गेली असती.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "एकदाही नाही."

डॉक्टरबाईंनी बॅटरी खाली ठेवली. मग त्यांनी समजावून सांगितलं. इतक्या दुखण्यातही जे कुत्रं इशारा न देता थेट तोंडाला चावतं, ते मी कुणाच्या घरी देऊ शकत नाही. म्हाताऱ्यांच्याही नाही. उद्या तिथे कुणी पाहुण्यांचं मूल आलं तर? निर्णय तुमचा, पण मला विचाराल तर कायमचं झोपवायचं इंजेक्शन देणं हेच बरं. मुलीने मान खाली घातली आणि हो म्हणाली. मिस्त्रींना अजून बोलता आलं असतं. कागदावर सही करेपर्यंत वेळ होता, सुई भरेपर्यंत वेळ होता. ते बटण्याचं डोकं धरून उभे राहिले, आणि तो त्यांचा हात चाटत राहिला.

घरी बायको दारातच होती. हातातला रिकामा पट्टा बघून तिला सगळं समजलं. तिने हळूच विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंत ना, की आधी गुरगुरायचा म्हणून?"

"सांगितलं," मिस्त्री म्हणाले. "तरी म्हणाल्या, उपाय नाही. आता तो विषय हिच्यासमोर काढू नकोस."

बायकोने काढला नाही. घरात त्या विषयाला कुलूपच लागलं. बायको समजली, आपल्या माणसाने खरं सांगूनही बटण्या गेला. मुलगी समजली, कुत्राच दगाबाज निघाला. खरं काय ते एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो दिवसभर दुसऱ्यांची मशिनं ऐकत बसायचा. कामात हात चालायचे, पण गिऱ्हाइकांना उपदेश करणं त्यांनी सोडून दिलं. लोक म्हणायचे, मिस्त्री आताशा मवाळ झालेत.

पाच वर्षं गेली. जावई परत आला, त्यांनी दोन गल्ल्यांपलीकडे घर घेतलं. सुटीच्या दिवशी मुलगी आणि ठकी येत. ठकीच्या गालावर आता एक पांढरट रेघ तेवढी उरली होती. ती हसली की रेघ वर जायची आणि मिस्त्री दुसरीकडे बघायचे.

अशाच एका सुटीच्या दुपारी ठकी धापा टाकत दुकानात शिरली. रस्त्यावर कुणाचा तरी कुत्रा तिच्यावर गुरगुरला होता. ती घाबरली होती, पण तोंडाने फुशारकी चालूच होती. हा अंश बहुधा आजोबांचाच. "मी लगेच लांब झाले. आई म्हणते, गुरगुरणारे बरे, निदान सांगतात तरी. आपला बटण्या दगाबाज होता. न सांगता चावला."

मिस्त्रींच्या हातातली सुई दोऱ्याच्या टोकाशी थांबली. इतकी वर्षं मुलगी असंच समजते हे त्यांना ठाऊक होतं. समोरून कुणी म्हटलं नव्हतं.

"त्याने सांगितलं होतं," ते म्हणाले. "मला सांगितलं होतं. तू कान धरलास की तो गुरगुरायचा. मी पट्टीने मारून त्याला गप्प बसायला शिकवलं."

ठकीने विचारलं, "मग डॉक्टरांना हे सांगितलंस?"

"नाही."

"का?"

खोटं बोलायला खूप जागा होती. मूल सात वर्षांचं, काहीही चाललं असतं. "तुझी आई शेजारी उभी होती," मिस्त्री म्हणाले. "मला तिची भीती वाटली. गुरगुरला होता म्हटलं असतं, तर डॉक्टरबाईंनी त्याला वाचवलं असतं."

ठकीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता की आणखी काही, हे मिस्त्रींना समजलं नाही. मग तिने आतल्या दाराकडे बोट केलं.

"आई आत आहे. आजीपण आहे. आता सांग."

मिस्त्री उठले. स्वयंपाकघरात मायलेकी ओट्याशी उभ्या राहून कशावर तरी हसत होत्या. ते दारात दिसताच बायकोने सवयीने चहाचं पातेलं पुढे ओढलं.

"चहा नको," मिस्त्री म्हणाले. "दोघी जरा बसा."