साचेखात्यातली बोली

त्यांना मिशी नव्हती, पण मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की ते ओठांवर बोट नेऊन नसलेल्या मिशीला पीळ द्यायचे. ओट्यावर बसलेली चार माणसं लगेच ताठ व्हायची आणि मग खो खो हसायची. मला आधी वाटलं, हा माणूस टवाळ दिसतोय. सरकारी बाईची चेष्टा करतो म्हणजे काय! अर्थ कळला तेव्हा मीच हसले. तुम्हालाही कळेल, जरा थांबा.

तेव्हा मी इंदूरच्या मिलवस्तीतल्या अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. मिलना एकामागून एक कुलपं लागत होती. बाजारात रंगीत टीव्हीची नवी दुकानं निघत होती आणि आमच्या वस्तीत धडधाकट माणसं सकाळी डबा घेऊन बंद गेटपाशी जाऊन बसत होती. डबा तिथेच खायचा, पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचं. सवय, दुसरं काय!

हे मिशी पिळणारे साचेखात्यातले, म्हणजे जिथे साचे, अर्थात माग, चालतात तिथले. अर्धा जन्म रात्रपाळीत गेलेला. मिल बंद पडली तशी बायको रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या कामाला जाऊ लागली आणि लहानग्या मुलीला अंगणवाडीत आणायचं काम यांच्याकडे आलं. मागांच्या खडखडाटानं कान अर्धे गेले होते, त्यामुळे आवाज असा की परदेशीपुऱ्यात बोलले तर स्टेशनवर ऐकू यावं. "मॅडमजी, आज खिचडी है की दलिया?" एवढंच विचारायचे, पण बारकी पोरं दचकून रडायला लागायची.

आणि मुलगी? तिच्या तोंडून कुजबुजीपलीकडे आवाज नाही. सेविकेला शंका आली, म्हणून मी तिच्या आईला गाठलं. ती म्हणाली, एका खोलीचं घर, बाप रात्रपाळी करून येणार आणि दिवसा झोपणार. पोर रांगायला लागल्यापासून तिला एकच शिकवण, हळू बोल, बाबा झोपलेत. आता बाबा दिवसा जागे असतात हे त्या एवढ्याशा जिवाला कोण सांगणार?

म्हणजे बघा, बापाला कुजबुज ऐकू येईना आणि लेकीला मोठ्यानं बोलता येईना. ते खाली वाकून विचारायचे, "क्या बोली बेटा? जोर से!" तो 'जोर से' ऐकला की ती फ्रॉकची कड तोंडात कोंबायची. ते आणखी जवळ जायचे, ती आणखी मागे सरायची. एकदा ती पाण्याच्या माठामागे जाऊन बसली आणि काही केल्या बाहेर येईना. सगळ्या गल्लीला हसवणारा हा माणूस तेव्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडमजी, आई घरी आली की तिच्याशी बोलते हो. माझ्याशी बोलायचंच नाहीये का तिला?"

मला फार वाईट वाटलं.

अशात वरून आदेश आला की मुलांच्या संगोपनात वडिलांचा सहभाग वाढवायचा आहे, तरी दर महिन्याला पिता-सभा घ्यावी. मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे तक्ते होते, पण सगळे आईचे. मुलाला पाजणारी आई, न्हाऊ घालणारी आई, टोचून घ्यायला नेणारी आई. एका तक्त्यावर बाप होता, तोही छत्री घेऊन दारात उभा, पाहुणा आल्यासारखा. आणि येणार कोण? आमचे पुरुष अंगणवाडीचा उंबरा ओलांडायलाही लाजायचे. तरी मी वस्तीत निरोप दिला की रविवारी अंगणात सरकारी मीटिंग आहे, पुरुषांनीच यायचं.

रविवारी पाहते तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही! भिंतीवरसुद्धा माणसं चढून बसलेली. मला भरून आलं. मनात म्हटलं, कोण म्हणतं बापांना पोरांची काळजी नसते? मोठ्या ऐटीत मी पहिला तक्ता उलगडला आणि तान्ह्या बाळाला मालिश कशी करावी ते सांगायला लागले. मग मागून कोणीतरी हळूच विचारलं, "मॅडम, मिल कब चालू हो रही है?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरकारी मीटिंग, तीही फक्त पुरुषांची, म्हणजे मिल उघडणार असंच साऱ्या वस्तीनं धरलं होतं. काहीजण तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी खरं काय ते सांगितलं. कोणी चिडलं नाही, तेच जास्त लागलं मला. एकेक जण चपला शोधत उठायला लागला.

आमचे हे मिशी पिळणारे माठाजवळ उभे होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी हात उंच केला आणि नसलेल्या मिशीला पीळ दिला. उठलेली माणसं जागच्या जागी थबकली, एकमेकांकडे बघून हसली आणि गुमान खाली बसली. मी विचारलं, हे काय? शेजारचा म्हणाला, साचेखात्यात कानठळ्या बसवणारा आवाज, तिथे बोलून कोणाला ऐकू जाणार? सगळं हातानं नाहीतर ओठांनी. मिशीला पीळ म्हणजे जॉबर आला, कामाला लागा. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. घ्या! म्हणजे इतके दिवस वस्तीची जॉबर मीच होते.

मग काय, मालिश राहिली बाजूला. माणसांना चेव आला. दोन बोटं फाकवली की धागा तुटला, चिमूट ओठांना लावली की चहाला चल. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओठ नुसते हलत होते, आवाज नाही, आणि पलीकडचा हसून लोटपोट. दारात गर्दी करून बघणारी पोरं आत घुसली आणि बापांच्या मांड्यांवर चढून तसंच करायला लागली.

यांची मुलगी मात्र अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, सेविकेच्या पदराला धरून उभी. बाप लांब होता म्हणून असेल, फ्रॉक तोंडात नव्हता. ती सेविकेला काहीतरी कुजबुजली. सेविकेलाही ऐकू आलं नाही. पण हे माठात पेला बुडवून अख्खं अंगण ओलांडून गेले आणि पेला तिच्या पुढे धरला.

तिनं आधी पाण्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि काय सांगू तुम्हाला, ती पोरगी ओरडली. "बाबांना कळलं! बाबांना कळलं!"

पाणी अर्धं सांडलं. अंगणातले सगळे बाप टाळ्या पिटत होते आणि हे तिथेच मातीत फतकल मारून बसले होते, डोळे पुसत. नंतर मला म्हणाले, "मी उगाच जवळ जात होतो, मॅडमजी. आमचं कानांचं नाही, डोळ्यांचं काम आहे."

पुढे पिता-सभा भरत राहिल्या. गेटपाशी बसणारे डबे घेऊन सभेच्या रविवारी आमच्याकडे यायला लागले, पोरांना भरवायला लागले. वरच्या साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे हजेरी एवढी कशी? मी मिशीला पीळ दिला. साहेबांना काही कळलं नाही. दोनेक वर्षांत वरचा आदेश विरून गेला, तरी आमच्या सभेला बाप येतच राहिले. मिल काही उघडली नाही. यांनी शाळेच्या मुलांची ऑटो धरली. म्हणायचे, "साच्यांसारखाच आवाज, आणि वर पोरं. और क्या चाहिए, भिया!"

मुलगी इंदूरजवळच्या राऊ गावच्या कॉलेजात शिकली. बडबडी म्हणजे इतकी की आई हात जोडायची. पुण्याला नोकरी लागली तेव्हा यांनी मला मुद्दाम स्टेशनवर बोलावलं. गाडी थंड डब्यांची, खिडक्यांना जाड काचा. फलाटावर एकच गोंगाट, लोक काचेवर हात आपटत होते, खुणा करत होते, आतल्यांना काही कळत नव्हतं. हे मात्र मागे सरकत सरकत पार खांबापर्यंत जाऊन उभे राहिले. आत ती ओठ हलवून सावकाश काहीतरी बोलली. यांनी मान डोलवली. तिनं मिशीला पीळ दिला. गाडी सुटली.

मी विचारलं, "काय म्हणाली हो?"

साऱ्या स्टेशनला ऐकू जाईल असा तो आवाज. पण त्या संध्याकाळी मला कान त्यांच्या तोंडापाशी न्यावा लागला. ते कुजबुजले, "म्हणते, पोचल्यावर फोन करीन बाबा. तोपर्यंत झोपू नका."