नव्या गाडीच्या यादीतलं नाव

वडील, आमचे अण्णा, हवाई संरक्षणाच्या तोफखान्यात हवालदार होते. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात एक घर सोडून एक फौजी, त्यामुळे त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. वीस वर्षांत वडिलांनी एकही विमान पाडलेलं नव्हतं, याचंच जास्त होतं. ते रजेवर आले की एक पेन्शनर सुभेदार न चुकता विचारायचे, "काय रं, यंदा कावळा तरी पाडलास का?" वडील म्हणायचे, "आवं, आमी हाय म्हणूनच त्ये येत न्हाईत." दोघेही हसायचे. सुभेदारांनी एकाहत्तरची लढाई पाहिली होती, म्हणून त्यांचं हसू जरा जास्त वेळ टिकायचं.

मला साताऱ्यात इंग्रजी शाळेत घातलं ते वडिलांनीच. त्यांच्या पलटणीत साहेब लोक इंग्रजीत बोलत आणि हवालदारांनी ते अंदाजाने समजून घ्यायचं. आपल्या मुलीला अंदाज करावा लागू नये, एवढाच त्यांचा विचार. शाळेने मला इंग्रजी दिलं आणि गप्प राहायला शिकवलं. एकदा पालकसभेला ते गणवेशात आले आणि बाईंशी फौजेतल्या हिंदीत बोलू लागले. मी वर्गाच्या मागच्या भिंतीवरचा नकाशा बघत उभी राहिले. त्यांनी मला हाक मारली नाही. त्यांना कळलं असावं.

दहावीनंतर मी सांगलीला मामाकडे राहून शिकू लागले. मामाचा हळदीचा व्यापार. माणूस मोठ्या आवाजाचा, हाताने उदार, आणि आपलं नाव कुठे छापून येतंय का यावर सतत नजर ठेवून असलेला. कॉलेजात माझ्या मराठीवर मुलं हसायची. मी "कृपया" म्हटलं तरी कुणीतरी माझा उच्चार करून दाखवायचं. मग मी बोलणं आणखी कमी केलं आणि खोलीत बसून मराठी लिहायला शिकले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ती दिवाळी. सुट्टीत मी गावी गेले तेव्हा वडील दोन महिन्यांच्या रजेवर आलेले होते. या वेळी पेटीत त्यांनी एक वही आणली होती. त्यांची हवालदारकीची मुदत संपत आली होती. नायब सुभेदार झाले तर आणखी काही वर्षं नोकरी, नाही तर पेन्शन. त्यांच्या रेजिमेंटला नव्या गाड्या मिळणार होत्या, तोफ आणि क्षेपणास्त्र एकाच गाडीवर असलेल्या. त्यांच्या शिक्षणाला पाठवायच्या माणसांची कच्ची यादी झाली होती आणि तिच्यात वडिलांचं नाव होतं. पक्की यादी रजेनंतर, चाचणी घेऊन. तो कोर्स झाला की बढती जवळजवळ ठरलेली. वहीत त्यांनी फळ्यावरचं इंग्रजी अक्षर न् अक्षर उतरवून आणलं होतं. बऱ्याचशाचा अर्थ त्यांना लागत नव्हता.

"ह्ये मला समजून सांग," ते म्हणाले. "आन् कुणाम्होरं बोलू नगस. आईला बी न्हाई."

मागच्या अंगणात आम्ही रोज दुपारी बसायचो. इतके दिवस ते ज्या तोफेवर होते, तिच्यात गोळे हाताने भरावे लागत, चार-चारच्या क्लिपांनी. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख तिनेच कायमचं काळं केलं होतं. नवी गाडी रशियन होती. तिच्या आधी त्याच लोकांनी बनवलेली चार नळ्यांची एक गाडी होती. ती रणगाड्यांच्या मागून चालायची आणि जवळ आलेलं विमान फोडून काढायची. पण हेलिकॉप्टरं बदलली. ती दुरूनच, झाडांच्या आड राहून रणगाड्यावर क्षेपणास्त्र सोडू लागली आणि चार नळ्यांचा मारा तिथवर पोहोचेना. म्हणून नवी गाडी. दोन्ही बाजूंना जाड तोफा, त्यांची पोच साधारण चार किलोमीटर. त्यांच्याखाली क्षेपणास्त्रं, ती त्याच्या दुप्पट लांब जाणारी. वर आकाश शोधणारं एक रडार आणि पुढे लक्ष्य धरून ठेवणारं दुसरं. अगदी जवळ आलेल्यावर क्षेपणास्त्र चालत नाही, तिथे तोफ. लांबच्यावर तोफ पोहोचत नाही, तिथे क्षेपणास्त्र. धुकं असेल किंवा अंधार असेल तर पुन्हा तोफच, कारण क्षेपणास्त्राला वाट दाखवायला माणसाची नजर लागते.

हे शेवटचं त्यांनी मला आकाशातल्या घारीवर शिकवलं. मी बोट धरायचं आणि घार फिरेल तसं फिरवायचं. क्षेपणास्त्र सुटल्यापासून लागेपर्यंत माणसाने दुर्बिणीतली खूण लक्ष्यावर तशीच धरून ठेवायची असते, बाकी वाट त्याला रेडिओवरून मिळते. "डोळा हटला की गेलं," ते म्हणाले. माझं बोट हलायचं आणि ते हसायचे. मी इंग्रजी सांगायची, ते फौजी भाषेत ते पुन्हा म्हणायचे, आणि दोघांनाही ते एकदम कळायचं. इतकं सलग आम्ही आधी कधी बोललो नव्हतो, नंतरही नाही.

वहीत एक गोष्ट नव्हती. ती त्यांना फौजेत शिकवणाऱ्या एका उस्तादाने तोंडी सांगितली होती. गाडी धावत असताना तोफ चालते, पण क्षेपणास्त्र सोडायचं तर थांबावं लागतं. "म्हंजी ज्या घडीला पळावं वाटतं, त्याच घडीला थांबायचं," वडील म्हणाले. ते वाक्य मला फार आवडलं.

सुट्टी संपली. सांगलीला परत आले तर मामाला कुणकुण लागलेली होती. आईने अंगणातलं आमचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकलं होतं आणि भावाला एवढंच सांगितलं होतं की यांची निवड होतेय, मोठ्या कामावर. मामाला तेवढं पुरलं. आमच्याकडे मुलगा तलाठी झाला, सून सरपंच झाली, कुणाचं काहीही झालं की स्थानिक दैनिकात अभिनंदनाची चौकट येते. वर फोटो, खाली मजकूर, त्याखाली शुभेच्छुकांची रांग. त्या वर्षी मामा व्यापाऱ्यांच्या एका संस्थेच्या निवडणुकीला उभा राहत होता. शुभेच्छुकांत पहिलं नाव त्याचं असणार होतं.

"दाजींचं चांगलं दहा ओळींत लिहून दे," तो म्हणाला. "नुसतं 'निवड झाली' नको. लोकांना कळलं पाहिजे काय मशीन आहे ते."

मी म्हणाले की निवड अजून व्हायची आहे. तो म्हणाला, होणारच की. मी म्हणाले, अण्णांना विचारू. तो म्हणाला, आनंदाच्या गोष्टीला कोण विचारतं. तिसऱ्यांदा मी काहीच म्हणाले नाही. लाजाळू माणसाची नाही म्हणायची ताकद दोन वेळांची असते, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला लिहायचं होतं. माझ्या मराठीवर हसणाऱ्या मुलांच्या घरी तो पेपर जात होता. मी दहाऐवजी सोळा ओळी लिहिल्या. दोन तोफा, क्षेपणास्त्रं, दोन रडारं. आणि शेवटी, ज्या क्षणी पळावंसं वाटतं त्याच क्षणी थांबून नेम धरणारे आमचे हवालदार.

रविवारी चौकट आली. वडिलांचा फोटो टिकलीएवढा, मामाचा त्याच्या चौपट. कॉलेजात दोघांनी मला विचारलं की हे तुझे वडील का, आणि मजकूर छान आहे म्हणाले. त्या दिवशी मी मान वर करून घरी आले.

वडील तोवर रजा संपवून गेले होते. चौकटीचं कात्रण त्यांच्या युनिटला कुणी पोस्टाने पाठवलं ते कधीच कळलं नाही. आईने त्या एका कात्रणापायी अर्ध्या गावाशी अबोला धरला. मला वाटतं, मामाच्या विरोधातल्या कुणीतरी पाठवलं असेल. किंवा अभिमानानेच पाठवलं असेल कुणी, त्यांना दाखवायला. आमच्याकडे तेही होऊ शकतं. माहिती बाहेर गेली म्हणून चौकशी झाली. आंतर्देशीय पत्रात वडिलांनी दोनच ओळी लिहिल्या: तब्येत ठीक आहे, यादीतून नाव कटलं.

मामा म्हणाला, फौजेत मराठी माणसाचं चांगलं कुणाला बघवत नाही. निवडणूक तो जिंकला.

काही महिन्यांनी कॉलेजच्या वाचनालयात परदेशी शस्त्रांवरचं एक इंग्रजी मासिक मला सापडलं. त्यात त्याच गाडीचं दोन पानी रंगीत चित्र होतं. प्रत्येक भागाला बाण काढून नाव दिलेलं, किती लांब, किती उंच, किती सेकंदांत. थांबून क्षेपणास्त्र सोडावं लागतं हेसुद्धा होतं, कंसात, बारीक अक्षरात. ते मासिक टेबलावर उघडं पडलेलं असायचं, कुणीही चाळावं. तेच माझ्या वडिलांच्या फोटोखाली मराठीत छापून आलं, तेव्हा मात्र तो गुन्हा झाला. ग्रंथपालांनी वेळ झाली म्हणून सांगितलं तेव्हा मी ते बंद केलं.

उरलेली नोकरी वडिलांनी स्टोअरमध्ये काढली. हवालदार म्हणूनच घरी आले. सुभेदारांनी कावळ्याचं विचारणं बंद केलं, आणि वडिलांना ते जास्त लागलं असावं, कारण ते पारावर जाईनासे झाले.

साताऱ्यातल्या एका बँकेत पहारेकऱ्याची जागा निघाली. अर्ज इंग्रजीत भरायचा होता, म्हणून मी गावी आले. सेवेचे कागद त्यांच्या काळ्या पेटीत होते. शोधताना चौकशीच्या वेळच्या जबाबाची प्रत हाती लागली. कुणा क्लार्कने टाइप केलेली, खाली वडिलांची सही. त्यात लिहिलं होतं, 'मजकूर मी स्वतः लिहून दिला, घरातल्या कुणालाही या विषयाची काही माहिती नाही.'

मी जबाब हातात धरून बसले होते आणि ते दारात उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं, अण्णा?"

"थांबून सोडायची गोष्ट मी तुला एकलीलाच सांगितली हुती."

मी विचारलं, मग मला का नाही विचारलंत? एवढ्या वर्षांत एकदाही?

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस," ते म्हणाले. "मग ते बी मला ऐकावं लागलं असतं."

मी तेही नाकारू शकले नाही. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले नाहीत. राग आला. स्वतःचं नाव पुढे करून त्यांनी माझी कबूल करायची वेळच घालवून टाकली होती, आणि मी किती पाण्यात आहे हे त्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. खरं तर त्या जबाबात 'मी'च्या जागी माझं नाव घालायला अजून कुणाची हरकत नसती. पण ज्यांना तो वाचायचा होता त्यांनी तो कधीच वाचून फाइल बंद केली होती.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, पेटीत तळाशी ठेवला. मग समोर मांडी घालून बसले. अर्जावर अनुभवाचा रकाना रिकामा होता.

"जुन्या तोफंचं लिव्ह," ते म्हणाले. "नव्या गाडीचं काय बी लिवू नगस. आपून तिच्यावर बसलो न्हाई."

मी जुन्या तोफेचं लिहिलं.